दिल्लीतला तो अर्धा दिवस आम्हाला परत द्या : मराठी सहल कंपन्यांना खुलं पत्र

दिल्ली-आग्रा-मथुरा टूर काढणाऱ्या सगळ्या मराठी सहल कंपन्यांच्या मालकांना आणि टूर मॅनेजर मंडळींना,

नमस्कार.

मी राजगुरूनगरची. म्हणजे आमची म्हातारी माणसं अजून खेडच म्हणतात, पण एसटीच्या बोर्डावर, आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर सगळीकडे राजगुरूनगर. भीमेच्या काठावर राजगुरूंचा वाडा आहे, लहानपणी आम्ही तिथे पाठांतराच्या स्पर्धेला जायचो. हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जे लिहिलंय ते का लिहिलंय ते तुम्हाला कळावं. हा माणूस आमच्यासाठी पुस्तकातला धडा नाही, तो आमचा पत्ता आहे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आई, माझा नववीतला भाचा आणि मी अशा तिघांनी दिल्ली टूर बुक केली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण परत आल्यावर मी अजून चार-पाच कंपन्यांचे कार्यक्रम वाचून काढले आणि सगळीकडे कमीजास्त तेच दिसलं, म्हणून हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना आहे. आम्ही ती टूर निवडली त्याचं कारण माहितीपत्रकातली एक ओळ होती, तिसरा दिवस, दुपारनंतर, ‘क्रांतिकारकांची दिल्ली’. भाच्याने त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून ठेवली होती. आईने तर शेजारपाजारी सांगून ठेवलं होतं की आम्ही भगतसिंग-राजगुरूंच्या जागा बघायला चाललोय.

तिसऱ्या दिवशी जेवण झालं, बस सुटली, आणि मॅनेजरसाहेबांनी माइकवर सांगितलं की आजचा दुपारचा कार्यक्रम ट्रॅफिकमुळे रद्द, त्याऐवजी आपण हस्तकलेच्या शोरूमला जातोय, तिथे आपल्या ग्रुपला खास डिस्काउंट आहे. शोरूममध्ये आम्ही अडीच तास होतो. ट्रॅफिकमधूनच गेलो तिकडे. संध्याकाळी मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं तर ते अगदी नीट, न चिडता म्हणाले, "ताई, खरं सांगू का, तिथे बघण्यासारखं काही नाहीये, लोक कंटाळतात."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुप अक्षरधामला गेला आणि आम्ही तिघं मेट्रोने निघालो. गुरुवार होता.

आता त्या दिवशी काय बघितलं ते सविस्तर लिहिते. जरा लांबेल, पण ‘बघण्यासारखं काही नाही’ याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

दिल्ली मेट्रोची व्हायोलेट लाइन आहे ना, तिच्यावर आयटीओ, दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किल्ला, काश्मिरी गेट अशी ओळीने पाच स्टेशनं आहेत. १८५७ पासून १९४६ पर्यंतचा केवढा तरी इतिहास या पाच स्टेशनांच्या आजूबाजूला, चालत जाण्याच्या अंतरावर पडलाय. तुमची बस अडकते म्हणता ना, मग बस लागतच नाही. आम्हाला कोणी गाइड नव्हता, मी घरून वहीत टाचणं काढून नेली होती आणि भाच्याच्या मोबाइलवर नकाशा, बस्स.

दिल्ली गेटला उतरून पहिल्यांदा फिरोजशाह कोटला. भाचा म्हणाला मावशी हे तर क्रिकेटचं ग्राउंड, आणि त्याचं काही चुकलं नाही, कारण आदल्या दिवशी बस इथूनच गेली तेव्हा मॅनेजरांनी माइकवर सांगितलं होतं की इथेच कुंबळेने १९९९ मध्ये पाकिस्तानच्या एका डावात दहाच्या दहा विकेट घेतल्या. तेही सांगायलाच पाहिजे, मला स्वतःला तो दिवस आठवतो. पण त्या ग्राउंडला लागून जो जुना पडका किल्ला आहे, फिरोजशाह तुघलकाचा, तिथे ८ आणि ९ सप्टेंबर १९२८ ला भगतसिंग, सुखदेव, शिव वर्मा, विजयकुमार सिन्हा, जयदेव कपूर असे पंजाब, संयुक्त प्रांत, बिहारकडचे तरुण जमले होते. कोणी विशी ओलांडलेली, कोणी तेवढंही नाही. चंद्रशेखर आझाद धोका नको म्हणून आले नव्हते पण त्यांच्या क्रांतिकारी संघटनेच्या लष्करी विभागाची जबाबदारी त्यांच्याकडेच दिली गेली. आधी संघटनेचं नाव होतं हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशन, त्यात ‘सोशालिस्ट’ हा शब्द इथे घातला गेला. इंग्रज घालवायचे हे ठरलेलंच होतं, पण घालवल्यावर देश कोणाचा असेल, शेतकरी-कामगाराचा की अजून कोणाचा, हा प्रश्न या पोरांनी त्या पडक्या भिंतींच्या आडोशाला बसून सोडवायला घेतला होता. आमच्या गावचे शिवराम हरी राजगुरू याच संघटनेचे. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरला साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी त्यांची. म्हणजे कोटल्याची बैठक आणि लाहोरची गोळी यात साडेतीन महिनेसुद्धा नाहीत.

आत या बैठकीबद्दल आम्हाला काहीच सापडलं नाही, निदान आम्ही फिरलो तेवढ्या भागात तरी नाही. एका गवताळ कट्ट्यावर बसून मी वहीतलं वाचून दाखवलं. आईने चप्पल काढून ठेवली होती, का ते तिलाही सांगता आलं नाही.

आणि गुरुवार असल्यामुळे एक वेगळंच बघायला मिळालं. कोटल्यात दर गुरुवारी लोक जिन्नांना, म्हणजे तिथे राहतात असं मानलेल्या अदृश्य आत्म्यांना, पत्रं लिहून आणतात. खालच्या अंधाऱ्या कमानींमध्ये काळ्या पडलेल्या भिंती, मेणबत्त्या, उदबत्त्या, वाटीत दूध, आणि कोनाड्यात खोचलेले कागद. काहींना पासपोर्ट साइजचा फोटो लावलेला. एकाच अर्जाच्या चार-चार झेरॉक्स काढून वेगवेगळ्या कोनाड्यात ठेवलेल्या, म्हणजे एका ठिकाणी नाही पोचलं तर दुसऱ्या ठिकाणी पोचेल. एक बाई पत्र ठेवून भिंतीला हात लावून कितीतरी वेळ उभी होती. आई म्हणाली, "तूपण लिही की त्या टूरवाल्यांना, नुसती चिडचिड काय करतेस." हे पत्र तिथे सुरू झालं.

बाहेर आलं की बहादूरशाह जफर मार्ग, आणि समोरच रस्त्यात खुनी दरवाजा. गाड्या दोन्ही बाजूंनी धाडधाड जातात, मधे तो दगडी दरवाजा बंद उभा आहे. २२ सप्टेंबर १८५७ ला हॉडसन या इंग्रज अधिकाऱ्याने बहादूरशाहचे दोन मुलगे मिर्झा मुघल आणि खिज्र सुलतान आणि नातू अबू बक्र यांना इथे गोळ्या घातल्या आणि प्रेतं चांदणी चौकात कोतवालीसमोर टाकली. ते तिघं आधी शरण आलेले होते, हुमायूनच्या कबरीपाशी. आता तुम्हीच बघा, हुमायूनची कबर तुमच्या कार्यक्रमात आहे! आम्ही तिथे पाऊण तास होतो. लाल दगड, चारबाग, ताजमहालाच्या आधीची इमारत, सगळं सांगितलं, चांगलं सांगितलं, आणि १८५७ मध्ये बादशहा इथेच पकडला गेला हे एक वाक्य नाही सांगितलं. त्याला जास्तीचा वेळ लागत नाही, पार्किंग लागत नाही, पैसे लागत नाहीत.

खुनी दरवाजाच्या मागे मौलाना आझाद मेडिकल कॉलेज आहे. तिथे पूर्वी दिल्लीचा तुरुंग होता. १९१५ मध्ये मास्टर अमीरचंद, अवधबिहारी आणि भाई बालमुकुंद यांना इथे फाशी दिलं आणि बसंतकुमार बिस्वासला अंबाल्याला. खटला कशाचा, तर २३ डिसेंबर १९१२ ला चांदणी चौकात व्हाइसरॉय हार्डिंगच्या हत्तीवर बॉम्ब पडला त्याचा. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणली म्हणून ती मिरवणूक होती. हार्डिंग जखमी झाला, वाचला, त्याच्या मागे बसलेला सेवक गेला, आणि या सगळ्यामागे असलेले रासबिहारी बोस शेवटपर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत, १९१५ मध्ये जपानला पोचले. या रासबिहारींचा एक सहकारी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा, विष्णू गणेश पिंगळे, गदर पक्षाचा, मेरठच्या छावणीत बॉम्बसकट पकडला गेला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये कर्तारसिंग सराभासोबत लाहोरला फासावर गेला. तळेगाव ढमढेरे आणि राजगुरूनगर एकाच जिल्ह्यात, आणि हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ही टाचणं काढताना कळलं. मला याची लाज वाटली, खरंच.

आणि त्याच तुरुंगात १९२९ मध्ये भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांच्यावर असेंब्लीत, म्हणजे तेव्हाच्या संसदेत, टाकलेल्या बॉम्बचा खटला चालला, कोर्टच तुरुंगात भरवलं होतं. १२ जून १९२९ ला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कोटल्यात बैठक झाली ती सप्टेंबर १९२८ ला आणि खटला मे १९२९ ला, मधे फक्त एक रस्ता आणि आठ महिने. हे नकाशावर नाही कळत हो. ते चालतानाच कळतं. भाचा मेडिकल कॉलेजच्या गेटवर मागे वळून कोटल्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे इथून ते दिसतच असणार त्याला." दिसत होतं की नव्हतं मला माहीत नाही, मधे भिंत असेलच, पण नववीतल्या पोराच्या मनात तो प्रश्न आला ना, त्यासाठीच मी त्याला दिल्लीला आणलं होतं. आवारात फाशीच्या जागेचं स्मारक आहे. हॉस्पिटल-कॉलेजचं आवार आहे, विचारून, गर्दी न करता जावं लागतं, आणि तसंच जावं.

याच रस्त्यावर आयटीओच्या बाजूला शहीदी पार्क आहे. तिथे भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांचे पुतळे आहेत. आमच्या बसमध्ये राजगुरूनगरची तीन माणसं बसली होती आणि बस या रस्त्याने न थांबता गेली, खिडकीतून बघा असंही कोणी म्हणालं नाही. मॅनेजरांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्यांना माहीतच नव्हतं. पण ते माहीत करून घेणं हे काम नेमकं कोणाचं आहे?

पुढचं थोडक्यात. लाल किल्ल्यात ग्रुपबरोबर आधीच जाऊन आलो होतो, दिवाण-ए-खासमध्ये मयूरासन आणि कोहिनूर ऐकून झालं होतं. त्याच दिवाण-ए-खासमध्ये जानेवारी ते मार्च १८५८ बहादूरशाहवर खटला चालला, त्याच्याच दरबारात त्याला आरोपी म्हणून बसवलं आणि मग रंगूनला पाठवलं, हे आम्ही त्या दिवशी पुन्हा तिकीट काढून आत जाऊन ऐकलं, म्हणजे मीच वाचून दाखवलं. आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांचा खटला याच किल्ल्यात, नोव्हेंबर १९४५ पासून. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख, आणि बचावाला भुलाभाई देसाई. जन्मठेप सुनावली पण बाहेर लोक एवढे पेटले होते की सरकारला ती सोडून द्यावी लागली. इंग्रजांच्या जुन्या बराकींमध्ये आता १८५७ चं आणि आझाद हिंद सेनेचं संग्रहालय आहे, २०१९ पासून. किल्ल्याच्या तुमच्या कार्यक्रमात ‘लाल किल्ला – एक तास’ एवढंच असतं, या बराकी त्यात बसत नाहीत.

चांदणी चौकात टाउन हॉलसमोर स्वामी श्रद्धानंदांचा पुतळा. ३० मार्च १९१९, रौलेट कायद्याविरुद्ध हरताळ, गोळीबार झालेला, आणि हा भगव्या कपड्यातला माणूस शिपायांच्या संगिनींसमोर छाती उघडी करून उभा. काही दिवसांनी त्यांना जामा मशिदीत बोलावून बोलायला लावलं. जामा मशीद तुम्ही दाखवता. हे सांगत नाही.

काश्मिरी गेटला आई दमली, तिला स्टेशनवर बसवलं. खरा दरवाजा मेट्रोच्या गर्दीपासून जरासाच आत आहे, त्याच्या दगडावर १८५७ च्या तोफगोळ्यांचे खड्डे अजून आहेत, मी बोट घालून बघितलं, पहिलं पेर पूर्ण आत जातं. १४ सप्टेंबरला इंग्रजांनी हा दरवाजा सुरुंगाने उडवून शहरात घुसायला सुरुवात केली आणि पुढचे सहा-सात दिवस गल्लीगल्लीत लढाई झाली.

शेवटचं, रिज नावाच्या टेकडीवरचं ‘म्युटिनी मेमोरियल’. तिथे रिक्षाने जावं लागतं. इंग्रजांनी आपल्या बाजूच्या सैनिकांसाठी बांधलेला उंच मनोरा, त्यावरच्या लेखात बंडवाल्यांना ‘शत्रू’ म्हटलंय. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, आपल्या सरकारने त्याचं नाव अजितगड केलं आणि एक पाटी लावली, की या मनोऱ्यावर ज्यांना शत्रू म्हटलंय ते परकीय सत्तेविरुद्ध उठलेले, शौर्याने लढलेले लोक होते. मनोरा पाडला नाही, इंग्रजांचा लेख खोडला नाही, फक्त शेजारी एक पाटी लावली. मला दिल्लीत सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. एवढी छोटी गोष्ट पुरते हो, आणि मी तुमच्याकडे तेवढीच मागणार आहे.

आता माझ्या तक्रारी, स्पष्ट.

छापलेला कार्यक्रम बसमध्ये माइकवर बदलला गेला, आम्हाला कोणी विचारलं नाही. ट्रॅफिक, पाऊस, व्हीआयपी बंदोबस्त, दिल्लीत हे सगळं होतं, मान्य आहे. मग कापायचं तर शोरूम कापा, दरवेळी इतिहासच का कापला जातो? दुसरं म्हणजे शोरूमचा थांबा माहितीपत्रकात कुठेच नव्हता, अडीच तास लागणारी गोष्ट लपवून कशाला ठेवायची, ज्यांना खरेदी करायची ते आनंदाने करतील.

आणि खरी तक्रार ही, की आपण मराठी माणसांना मराठीतून जग दाखवतो असं तुम्ही जाहिरातीत सांगता आणि ते खरंही आहे. माझी आई हिंदीत बिचकते, ती तुमच्यामुळेच महाराष्ट्राबाहेर पडली, तिच्या पिढीतल्या कितीतरी बायका तुमच्यामुळे बाहेर पडल्या. पण मग गाइड तेच सांगणार असेल जे तो सगळ्यांना सांगतो, तर मराठी कंपनीबरोबर जाऊन आम्हाला वेगळं काय मिळालं, श्रीखंड-पुरीच ना? ते जेवण उत्तम होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण राजगुरू, पिंगळे ही नावं दिल्लीत उभं राहून मराठीत कोण सांगणार, तुम्ही नाही तर?

‘लोक कंटाळतात’ हेही मला मान्य नाही. आम्ही संध्याकाळी हॉटेलवर परत आलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर भाचा बोलत सुटला, आणि ग्रुपमधली सात-आठ जणं ताट घेऊन आमच्या टेबलाभोवती येऊन बसली. त्यात साताऱ्याचे एक निवृत्त पोस्टमन काका होते, ते म्हणाले मला का नाही नेलंत. त्यांना आता पुन्हा दिल्ली होणार नाही, त्यांचे गुडघे गेलेत. त्यांचा चेहरा डोळ्यासमोरून जात नाही म्हणून मी एवढं लिहितेय.

माझ्या मागण्या फार नाहीत.

एक, अर्धा दिवस कार्यक्रमात ठेवा, आणि ठेवलात तर पाळा. तेवढाही जमत नसेल तर दोन तास द्या, फक्त कोटला, खुनी दरवाजा आणि शहीदी पार्क, सगळं एका रस्त्यावर आहे, वयस्कर माणसंही सावकाश करू शकतात, मधे बसायला जागा आहे.

दोन, ज्यांना स्वतःचं स्वतः चालायचंय त्यांना चालू द्या. कुठे सोडणार आणि किती वाजता कुठून घेणार एवढं सांगा, जबाबदारी आमची असं लिहून घ्या हवं तर. दिवस ठरवताना सोमवार टाळा, लाल किल्ला बंद असतो.

तीन, मराठीत एक पान छापा. दोन्ही बाजूंनी. एका बाजूला नकाशा आणि मेट्रोची स्टेशनं, दुसऱ्या बाजूला जागा, तारीख आणि दोन-दोन ओळी. टोपी आणि बॅग देताच ना सगळ्यांना, त्यात घाला.

चार, तुमच्या मॅनेजर मंडळींना एकदा, फक्त एकदा, प्रवाशांशिवाय हा रस्ता चालायला पाठवा. मला नाही वाटत त्यानंतर कोणी ‘बघण्यासारखं काही नाही’ म्हणेल.

पाच, जुनी संसद बाहेरून दाखवता, इंडिया गेटला जाताना बस तिथून वळते. ८ एप्रिल १९२९ ला इथेच गॅलरीतून दोन बॉम्ब पडले, माणूस मरू नये असे रिकाम्या जागी टाकलेले, पत्रकं उधळली गेली, ‘इन्किलाब झिंदाबाद’च्या घोषणा झाल्या, आणि भगतसिंग आणि दत्त पळून न जाता तिथेच उभे राहिले. माइक तुमच्या हातातच असतो. अर्धा मिनिट.

ते एक पान मी तयार केलंय. माझ्या वहीतल्या टाचणांवरून भाच्याने नकाशा काढलाय, आमच्या गावातल्या इतिहासाच्या सरांनी तारखा तपासून दिल्यात. ज्या कंपनीला हवं त्यांनी कळवा, फुकट देईन, त्यावर स्वतःचा लोगो टाका, माझं नाव नको. दिवाळीच्या टूरची माहितीपत्रकं तुम्ही साधारण पावसाळ्याच्या सुरुवातीला छापायला देता असं कळलं, म्हणून आत्ताच लिहितेय, अजून वेळ आहे.

आपली,
राजगुरूनगरची एक प्रवासी